चाळिसावी फेरी

३ फेब्रुवारी १८९९, बॉस्टन
ऑटो क्रेल अखेर पुन्हा लढायला तयार झाला! पंधरा वर्षांपूर्वी आमच्या बेकायदा मुष्टियुद्धात एकोणचाळिसाव्या फेरीला पोलीस घुसले आणि आम्हा दोघांना नदीतून पोहत पळावं लागलं. नाहीतर चाळिसाव्या फेरीत मी त्याला झोपवलाच होता. तो म्हणतो, त्याने मला. आता सोक्षमोक्ष. तीनच फेऱ्या, तेही हातमोजे घालून. असो. उद्यापासून बीअर बंद.

४ फेब्रुवारी
बीअर चालू. गुत्ता माझा, मालकच पीत नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकांनी काय समजायचं? व्हिस्की मात्र बंद. सकाळी पळायला गेलो. कोपऱ्यापर्यंत. बर्फामुळे धाप लागली. ट्रामने परत.

९ फेब्रुवारी
डीलियाने मला न विचारता डॉक्टर आणला. बायकोच अशी, तर बाहेरच्यांचं काय? हृदय मोठं झालंय म्हणे. असणारच, मी काय शिंपी आहे? पायांना सूज आहे म्हणाला. ते स्नायू आहेत. लढलास तर रिंगणातच संपशील, असंही म्हणाला आणि औषध ठेवून गेला. मी हात लावला नाही. क्रेलचा माणूस दिसतो.

१५ फेब्रुवारी
लोणच्याच्या पिंपातल्या मीठपाण्यात तासभर हात बुडवले. कातडी टणक होते. हात थरथरत होते. आतली ताकद बाहेर यायला बघते. पोटात जोरात मार, असं मॉसीला सांगितलं. मॉसी माझा उस्ताद, त्या लढतीपासून माझ्या कोपऱ्यात. त्याने मांजर कुरवाळल्यासारखं मारलं. म्हातारा झाला बिचारा.

२० फेब्रुवारी
भिंतीवर जाहिरात लागली: ‘आजारी बॅट हेगर्टीच्या मदतीसाठी खेळ’. हसूच आलं. छापणाऱ्या गाढवाने क्रेलच्या जागी माझं नाव टाकलं. लढतीनंतर मदत लागणार ती क्रेलला. मॉसीला चूक दुरुस्त करून आणायला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि गेला.

२६ फेब्रुवारी
मॉसी फितूर! कालवांच्या दुकानात क्रेलच्या कानाला लागलेला पाहिला. माझे डाव सांगत असणार. क्रेल मान खाली घालून ऐकत होता. मॉसीला हाकलला. पंधरा वर्षं एका बादलीतलं पाणी प्यायलो आम्ही. फार लागलं मनाला.
दुपारी परत बोलावला. वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. बुटांच्या नाड्या कोण बांधणार?

४ मार्च, लढतीनंतर
जिंकलो. पेपरवाले तसंच लिहितील.
पहिल्या फेरीत क्रेलचे ठोसे आले ते पिसासारखे. दुसऱ्या फेरीत माझे गुडघे वाकले, तशी त्याने मला मिठीच मारली आणि कानात म्हणाला, “रेलून राहा माझ्यावर. घाई नाही आपल्याला.” मी त्याला ढकललं आणि डावा हात फिरवला. चुकला. चांगला वीतभर चुकला. आणि क्रेल आडवा! दहा आकडे मोजून झाले तरी उठला नाही. लोक बाकांवर उभे राहिले. डीलिया रडत होती. मॉसी माझ्याकडे बघेना.

५ मार्च
क्रेल घरी आला. डीलियाने त्याला कॉफी दिली. त्याला साखर किती लागते हे तिला ठाऊक होतं. म्हणजे आधीही येऊन गेलेला. सगळेच सामील.
पंधरा वर्षं या माणसाला शिव्या दिल्या, पण एक मनाशी धरून होतो: बाकी जग मला गोंजारेल, क्रेल मारेल. तोही फिरला. सरळ विचारलं, काल ठोसा लागला होता का?
“लागला रे. जबरदस्त लागला,” तो म्हणाला आणि जबड्यावर हात ठेवून कण्हून दाखवलं. डाव्या जबड्यावर. माझा डावा ठोसा लागलाच असता तर उजव्या जबड्याला लागला असता, हे दोन वेळा लढलेल्या पोरालाही कळतं. क्रेललाही कळलं. हात तसाच ठेवून तो बसून राहिला.
मी म्हटलं, बर्फ लाव.
तो गेल्यावर डीलियाकडून डॉक्टरचं औषध मागून घेतलं. चाळिसावी फेरी झालीच नाही.