पहिल्या कुस्तीचा मान

५ एप्रिल
निकाल लागला. बारामतीला प्रांत ऑफिसच्या बोर्डावर माझं नाव, गावची पोलीस पाटील म्हणून. दोनदा वाचलं. आईला जळोचीला फोन केला तर रडायलाच लागली. मग मीही.
पेढे घेऊन गावात शिरलो तर पारावरच्यांनी हार घातला यांच्या गळ्यात! हे लोणी देवकरला कंपनीत मशिनवर. परीक्षेला नुसते सोबत आले होते.

८ एप्रिल
पोलीस ठाण्यात साहेबांनी सांगितलं, "भांडण, चोरी, काहीही असो, पहिला फोन तुमचा आला पाहिजे." गणवेश नाही, काठी नाही. गावानं मानलं तर पाटील, नाहीतर...
संध्याकाळी बांधावरून भांडलेले दोघं भाऊ आले आणि यांच्यासमोर बसले. हे म्हणाले, "मी पाटलांचा नुसता नवरा हाय. काय ते तिला सांगा." मी आत जाऊन पोटभर हसले. फार गुणाचा माणूस.

१२ एप्रिल
जत्रेची बैठक. पहिली कुस्ती पोलीस पाटलानं आखाड्यात उतरून, पैलवानांचे हात मिळवून लावायची, ही आमची रीत. कमिटी म्हणते, बाईमाणसानं मातीत उतरू नये, तात्यांनाच लावू द्या. तात्या म्हणजे माझ्याआधीचे पोलीस पाटील. "तुमी स्टेजवर बसा की वहिनी, शाल देतो."
विचारलं, "यंदा पोरींच्या कुस्त्या ठेवल्यात. त्या काय गच्चीवर लावणार?" पण निर्णय तोच. तात्या मान खाली घालून बसले होते, ते जास्त लागलं. आज हे सोडलं, तर उद्या मारामारीत माझं कोण ऐकेल?

१६ एप्रिल
जत्रा! हात अजून मातीनं लाल आहेत. धुवावेसे वाटत नाहीत.
माईकवर तात्यांचं नाव पुकारलं. तात्या उठतायत तोवर आखाड्यात कालवा. भवानीनगरच्या पैलवानानं अंगाला तेल लावलंय म्हणून आमची पोरं धावली, त्यांची पण. गचांडी धरली. तात्या ओरडत होते, हलगीत कुणाला ऐकू जाईना.
कशी उतरले आठवत नाही. चप्पल तेवढी काढली होती. हलगीवाल्याला हातानं थांबवलं. "दोघंच राहा, बाकीचे बाहेर." गेले की! मग पैलवानांना म्हटलं, "एकमेकांच्या अंगाला माती चोळा. निसटतंय असं वाटलं तर अजून चोळा." चोळली. दोघं हसायलाच लागले. तिथंच उभी होते, दोघांचे हात हातात दिले आणि बाजूला झाले. हलगी कडाडली.
कुस्ती मीच लावली, हे कमिटीच्या ध्यानात आलं तोवर आपला गडी चितपट झाला होता. हरल्याचं वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१८ एप्रिल
सकाळी तात्या दारात. "पाटील हायत का घरात?" हे बाहेर गेले. "तू न्हवं रं."
माझा ऊर भरून आला. तात्या टेकलेसुद्धा नाहीत. "थोरल्यानं शिवंवरची वाट नांगरलीया. लोकांनी उसाच्या गाड्या कुठनं न्यायच्या? माझं ऐकत न्हाय. तुमी चला."
त्यांचाच पोरगा. अंगानं पैलवान, रागीट. तरी हसू आलं. निघालो. वाटेत चार घरं बाहेर येऊन बघत होती. मी पुढं, तात्या मागं.
थोरला ट्रॅक्टरवरच होता. आम्हाला बघून त्यानं इंजिन बंद केलं. खाली मात्र अजून उतरला नव्हता.