पेवातला रेडिओ

परभणी, रविवार, ६ मार्च १९५५

हाताचा जोंधळ्याचा वास अजून जात नाही.

माय दुपारी बोरीहून आली ती दादाचा रेडिओ गोणपाटात गुंडाळूनच. निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कँपात जाताना दादानं तो तिच्या स्वाधीन केला होता. रझाकारांच्या हाती लागू नये म्हणून तिनं तो अंगणातल्या पेवात, जोंधळ्याखाली पुरला. पेवात धान्य टिकतं, मग रेडिओ का टिकणार नाही? दमट उबेनं तो कुजला. दादाही परत आला नाही.

परवाना काढून घरून चालवतो त्या माझ्या ट्रान्समीटरचा आवाज हैदराबादच्या मित्राला धड ऐकू जाईना, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर करायला घेतला. भंगारातून सगळं जमलं, एक व्हॉल्व्ह सोडून. दिवाळीत त्यासाठी हा रेडिओ मागितला तर मायनं माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. मग आज काय झालं? "खोल," एवढंच म्हणाली.

खोलला. आत जोंधळ्याचे दाणे. व्हॉल्व्ह मात्र शाबूत! तो बसवला, आणि संध्याकाळी मित्र म्हणाला, आज शेजारी बसून बोलल्यासारखा येतोयस. मी उड्या मारायच्या बेतात. माय खाली बसून दाणे पदरात वेचत होती.

"आता तुझा आवाज किती लांब जायलाय रे?"

"हैदराबादपर्यंत, माय."

"आन् त्याच्या पुढं? दादा गेला तिकडं?"

पुढंही जातो म्हणालो. काय चुकीचं बोललो?

दाण्यांचा पदर तसाच मुठीत धरून ती माईकजवळ सरकली. परवाना माझ्या एकट्याचा, दुसऱ्या कुणी बोलायचं नसतं.

मी बटण बंद केलं नाही.