प्रास्ताविकाला चाळीस मिनिटं

४ ऑगस्ट, रविवार
मालिका संपली. एक निवृत्त मुख्याध्यापिका, तिची बाहेरची खोली, पाच वाचक. दर भागात एक पुस्तक, आणि कुणा एकाचं आयुष्य मार्गी. शेवटी बाई चार वाक्यं बोलतात, सगळे गप्प होतात, कॅमेरा खिडकीकडे जातो.

लेक आणि मी सोफ्यावर शेजारी बसून बघायचो. जूनमध्ये ती हॉस्टेलवर गेली. शेवटचे नऊ भाग एकट्याने पाहिले. आमचा रोजचा फोन असा: जेवलीस का? जेवले. झोपतेस ना वेळेवर? हो. बरं, ठेवतो. तिची आई होती तेव्हा मायलेकी तासन्‌तास बोलायच्या आणि मला सारांश मिळायचा. तीन वर्षं झाली, सारांशही बंद.

निर्णय: ऑनलाइन वाचन मंडळ. दर रविवारी सकाळी अकरा. जाहीर हेतू: वाचनाची गोडी. खरा हेतू: लेकीने माझ्याशी बोलावं. वहीत खोटं लिहायचं नाही, म्हणून हा दुसराही लिहून ठेवला.

५ ऑगस्ट
सदस्य चार. लेक. ताई, ती दुसऱ्या गावी असते, पण तिला वगळलं तर तिथून ऐकवील. इमारतीखालचा केमिस्ट. आणि आमच्या लिफ्ट कंपनीतला मेकॅनिक. मी तक्रार कक्षाचा प्रमुख. त्याच्या रजेच्या अर्जावर सही करता करताच त्याला विचारलं. तो आनंदाने हो म्हणाला. आनंद रजेचा होता की मंडळाचा, यावर बराच विचार केला. अर्धा अर्धा धरायला हरकत नाही.

पुस्तक ठरलं: घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घराण्याची कादंबरी, तीन पिढ्या, ६१२ पानं. मी पान ४१ वर.

११ ऑगस्ट, रविवार
पहिली सभा. गोंधळ. ताईकडे मिक्सर. मेकॅनिकच्या घरी दोन मुलांची एका खुर्चीवरून मारामारी. केमिस्ट दुकानातूनच हजर. मी विचारलं, पुस्तक कसं वाचावं? तो म्हणाला, "दिवसातून दोनदा, जेवणानंतर." सूचना चांगली वाटली म्हणून लिहून घेतली. मग कळलं, ते गिऱ्हाइकाला होतं. लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. ताई म्हणाली, "अगं पाणी पी!" आणि तीही हसत सुटली.

शिस्तीच्या दृष्टीने हे बरं नाही. मालिकेत असं कुणी ठसका लागेपर्यंत हसत नाही.

नवे नियम. एक: सर्वांचे माइक बंद, उघडण्याचा अधिकार फक्त माझ्याकडे. दोन: लेखी गप्पांची खिडकीही बंद, कारण ताई तिथे फुलांची चित्रं पाठवते. तीन: आधी माझं प्रास्ताविक, मग एकेकाचा माइक उघडायचा. फुकटच्या मीटिंगला चाळीसच मिनिटं मिळतात, पुरे आहेत.

१८ ऑगस्ट, रविवार
फार मोठा दिवस.

प्रास्ताविकाला थोडा जास्त वेळ गेला. नेमका सांगायचा तर चाळीस मिनिटं. पण काय शांतता! अगदी मालिकेतली. कुणी हूं की चूं नाही. मध्येच लेकीच्या नावाशी एक छोटा पिवळा हात उगवला. मग केमिस्टचा, मग मेकॅनिकचा. सोसायटीच्या सभेत ठराव मंजूर होताना असेच हात वर होतात. म्हणजे अनुमोदन. मदतीच्या पानावर खात्री करून घ्यायला हवी होती, पण भाव इतका स्पष्ट होता!

एक प्रश्न सतावतोय: प्रास्ताविक करणाऱ्याने पुस्तक पुरतं वाचलेलं असावं का? सर्व बाजूंनी विचार केला. उलट न वाचलेल्याचं मन मोकळं असतं. पान ४१.

१९ ऑगस्ट, सोमवार
मेकॅनिक डबा खाताना म्हणाला, "साहेब, एखादवेळी आमचाही आवाज ऐका की." छान. भूक वाढतेय.

एका इमारतीत एक आजोबा लिफ्टमध्ये अडकले, आणि आमच्या ऑफिसातल्या नव्या ऑपरेटरने त्यांच्या घंटेला उत्तर द्यायला सात मिनिटं लावली. का, तर तो आधी फॉर्म भरत होता! मी सगळ्यांसमोर झापलं. बटण दाबलं गेलंय म्हणजे आत माणूस आहे; आधी त्याच्याशी बोला, फॉर्म पळून जात नाही. जरा जास्तच बोललो का? नाही. हे सांगायलाच हवं होतं.

२२ ऑगस्ट, गुरुवार
लेकीचा आपणहून फोन! जूननंतर पहिल्यांदा. म्हणाली, "बाबा, एक विचारायचं होतं." मी तिथेच थांबवलं. म्हटलं, फोनवर वाया घालवू नकोस, रविवारी मांड, सगळ्यांना लाभ होऊ दे. ती म्हणाली, "सगळ्यांसमोर?" मी म्हटलं, मंडळ आहे कशासाठी! ती "बरं" म्हणाली.

माझी सही हवी असंही काही म्हणत होती. बहुधा पुस्तकाच्या पहिल्या पानावर. मी काही लेखक नव्हे, पण मुलं भाबडी असतात.

हेतू सफल होतो आहे.

२५ ऑगस्ट, रविवार
लेकीचा हात दुसऱ्याच मिनिटाला वर, तो शेवटपर्यंत. अडतीस मिनिटं! इतकं अनुमोदन मला लग्नातही मिळालं नव्हतं. तिचा माइक आज नक्की उघडणार होतो. "आणि आता आपण सर्व..." इथवर आलो आणि वेळ संपली.

ताईचा फोन: "तोंडाला कुलूप लावून जेवायला बोलावतोस होय रे?" फुलांच्या चित्रांचा राग अजून आहे. पुढे म्हणाली, पोरीचा चेहरा बघ जरा. मी म्हटलं, कॅमेरा बंद ठेवते ती. ताई म्हणाली, "का ठेवते, ते विचारलंस?" तिचा हा स्वभावच आहे, साधी गोष्ट गुंतवायची.

केमिस्टचा निरोप: पुढचे सगळे रविवार माल मोजायचा आहे.

१ सप्टेंबर, रविवार
संकल्प: प्रास्ताविक दहा मिनिटं. झालं तीस. सुधारणा आहे.

मेकॅनिक नाही. ताई नाही. लेक एकटी, काळ्या चौकोनात तिचं नाव. हात नाही. वाटलं, आता तिला सगळंच पटलेलं असणार. माइक उघडायचं बटण शोधण्यात दोन मिनिटं गेली.

ती म्हणाली, "आहे मी, बाबा."

पुस्तक कुठवर आलं, विचारलं. म्हणाली, "झालं. मागच्याच आठवड्यात. तुमचं?" मी म्हटलं, चव्वेचाळीस. पानं? हो, पानं. ती हसली, पण त्या दिवशीसारखी नाही.

मग विचारलं, त्या गुरुवारी फोनवर काय विचारायचं होतं? म्हणाली, काही नाही, ते कालपर्यंतच होतं. मी खोदून विचारलं. मग तिने सांगितलं. कॉलेज बदलायचा फॉर्म होता. आपल्या घराजवळचं कॉलेज. जागा होती. पालकाची सही लागत होती. शेवटची तारीख काल.

मी म्हटलं, अगं, मग बोलली का नाहीस?

"दोन रविवार हात वर करून बसले होते, बाबा."

तेवढ्यात चाळीस मिनिटं संपली. लगेच फोन लावला. म्हणाली, "राहू दे आता. हॉस्टेलवर सगळ्या म्हणतात, दिवाळीपर्यंत रडायचं आणि मग सवय होते." अशा विनोदावर हसायचं असतं. मी हसलो. ती नाही हसली. मग ती म्हणाली, "मेसला जायचंय, ठेवते."

जेवलीस का, हे विचारायचं राहिलं.

२ सप्टेंबर, सोमवार
तिच्या कॉलेजला फोन केला, मग घराजवळच्या कॉलेजला. दोन्हीकडे मुदत संपली. मी सांगितलं, पालकाची चूक आहे, मुलीची नाही. तिकडच्या बाई म्हणाल्या, लेखी अर्ज द्या, पण उपयोग नाही. मी रोज लोकांना अगदी याच आवाजात सांगतो.

दुपारी ऑफिसात लिफ्टची घंटा वाजली. दुसऱ्यांदा वाजायच्या आत उचलली. "बोला, मी ऐकतोय," म्हटलं. कुणाचा तरी कोपर बटणाला लागला होता. सॉरी म्हणाले. ऑपरेटर माझ्याकडे बघत राहिला.

५ सप्टेंबर, गुरुवार
रोजचा फोन. म्हटलं, काहीही बोल, मी ऐकतो. "काय बोलू?" म्हणाली. बराच वेळ दोघंही गप्प. मालिकेतल्या शांततेसारखी नव्हती ही.

पान ४४.

८ सप्टेंबर, रविवार
मदतीचं पान वाचलं. पिवळा हात म्हणजे "मला बोलायचं आहे". एवढंच लिहिलं आहे, एका ओळीत.

अकराला सभा सुरू केली. सर्वांचे माइक खुले. गप्पांची खिडकी खुली. फुलांची चित्रं चालतील, असं ताईला आदल्या दिवशीच कळवलं होतं. प्रास्ताविक रद्द.

११.१०. कुणी नाही. प्रवासात असतील.

११.२०. लेकीचा निरोप आला: हॉस्टेलच्या मुलींबरोबर बाहेर आहे, माझी वाट बघू नका. चांगलं आहे. मैत्रिणी झाल्या म्हणजे. चांगलंच आहे.

११.२५. तो हात समोरून कसा दिसतो, हे पाहावं म्हणून बटण दाबलं. माझ्या नावाशी उगवला. खरंच फार छोटा असतो. नीट बघितलं नाही तर दिसू नये इतका.

खाली कसा घ्यायचा, ते सापडलं नाही. अकरा चाळीसला मीटिंग आपोआप बंद झाली.