हिरव्याचं लाल

४ ऑगस्ट, बेंगळुरू

परत तेच! शिवकुमार सर म्हणतात, "मल्लू, टेस्ट संपली की निकाल संपला. नंतरची साफसफाई म्हणजे झाडू मारणं. झाडूवाल्यानं मार्क द्यायचे नसतात."

टेस्टिंग शिकण्याआधी दोन वर्षं याच ऑफिसात झाडूच मारत होतो की मी! कोपऱ्यात काय पडलंय ते झाडणाऱ्यालाच दिसतं.

आमचं ॲप पैसे पाठवायचं, अजून लोकांना न दिलेलं. नेट तुटलं, माणसानं बटण दोनदा दाबलं तर? टेस्ट म्हणजे ॲप आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम, तो फक्त स्क्रीन बघतो. 'पैसे गेले' दिसलं की पास, हिरवी! मग साफसफाईत टेस्टचं खातं परत हजारावर. काल त्याच्या आधी मी डोकावलो. तीनशे पाठवलेले. उरायला हवे सातशे – होते चारशे!

५ ऑगस्ट

"लिही तुझी ती शिल्लक-तपासणी साफसफाईत. चुकलास तर नोकरी पक्की होणं विसर," सर म्हणाले.

दीडशे टेस्ट. प्रत्येकीत कोण लिहिणार? साफसफाईत एकदाच लिहिलं – शिल्लक जुळली नाही तर पासचं नापास कर. चालवलं. रिपोर्ट सगळा हिरवा! सर हसले, "दहावीला दोनदा आपटलास, आता दुसऱ्याला नापास करता येईना?"

गावाहून अव्वाचा, आईचा फोन. "कुंभारीत नेट लई जातंय. म्हैन्याचं आठ हजार मोबाइलवर नगं, बसूच्या हातनं दे." बसू माझ्या खोलीतला, महिन्यातनं एकदा गावी जातो. खरं सांगायचं तर आमचं ॲप उद्या बाहेर आलं तरी मीही त्यावर रुपया टाकणार नाही.

८ ऑगस्ट

सापडलं! निकाल बदलत होता, पण टेस्टचं नाव पासच्या यादीत आधीच चढलेलं. तिथनं काढून नापासच्या यादीत टाकायचं. जावा या कोडच्या भाषेनं तीन दिवस रडवलं –

बावीस लाल!!

९ ऑगस्ट

सरांनी बावीसच्या बावीस हातानं तपासल्या. जेवले नाहीत. संध्याकाळी खुर्चीशी आले. "खरंच दोनदा कापतंय. झाडू तुझ्याकडंच राहू दे."

१४ ऑगस्ट

दुरुस्ती आली. दीडशे हिरव्या. या वेळी खऱ्या.

१६ ऑगस्ट

ॲप आज लोकांच्या हातात गेलं. पहिला मी! अव्वाला तीनशे पाठवताना मुद्दाम नेट तोडून दोनदा दाबलं. खात्यातनं तीनशेच गेले. अव्वा म्हणाली, "तीनशे आलं की रं! एकदाच. का, दोनदा येनार हुतं?"

बसूला म्हटलं, तू मोकळ्या हातानं जा.

अव्वाला उरलेले पाठवतोय – ७,७०० रुपये.