माझ्या कॉम्प्युटरची किल्ली आणि तिचे वारस

तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत अशा माणसांचे कपडे बेतून देणारी मी, दुकानाच्या मागच्या खोलीत बेतायच्या टेबलाशी बसून माझं मृत्युपत्र लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, मला ते सिद्ध करून लिहावं लागलं. कुणी माझा हात धरलेला नाही. मागे उभं राहून कुणी काही सांगतही नाही.

आजारपणानंतर माझा उजवा हात थरथरतो आणि शब्द मनातून बोटांपर्यंत येईतो बदलतात. डॉक्टरांनी मला काही वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली होती. त्यातली निम्मी गळाली. मी ओशाळले, तर ते म्हणाले, "बाई, विसरणं वेगळं आणि न कळणं वेगळं. कोणाला काय द्यायचं ते कळतंय ना?"

"चांगलंच कळतंय. कोणाला काय द्यायचं नाही, तेही."

ते हसले आणि दाखल्यावर शिक्का मारला. दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. राहतं घर माझा एकुलता एक मुलगा आणि सून यांना, दोघांच्या नावे, बरोबरीने. मुलाशी माझं वाजलं होतं, ते पुढे येईलच. पण हे घर बांधलं तेव्हा शाळेतून आल्यावर दप्तर न काढता तो भिंतींवर पाणी मारायचा. तो हक्क भांडणाने जात नाही. मोरीतला नळ गळतो. तो ज्याच्या आधी लक्षात येईल त्याने दुरुस्त करून घ्यावा, दुसऱ्याची वाट बघत बसू नये.

कलम २. बँकेतली ठेव सुनेला, एकटीला. तिने ती जपून वगैरे ठेवू नये. तिला एकटीने प्रवासाला जायचं असतं आणि दर वेळी काहीतरी निघतं. आता काही निघू देऊ नये.

कलम ३. मोठी कात्री, लाकडी पट्ट्या आणि दुकानाचा चालता धंदा मास्तरीणबाईंना. माझ्याकडे कापडावर कात्री चालवणाऱ्या बाईंना सगळे याच नावाने हाक मारतात. त्या प्रथम आल्या त्या गिऱ्हाईक म्हणून. एक पाय आखूड, पँट कुठेच नीट मिळत नव्हती. पँट घालून आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मला शिकवाल?" त्या कात्रीने कागद कापू नये. कुणी मागितली तरी देऊ नये, मागणारा माझा मुलगा असला तरी.

कलम ४. कॉम्प्युटर आणि त्याची किल्ली. हे कलम लांबणार.

कॉम्प्युटरमध्ये माझ्या गिऱ्हाइकांची मापं आणि त्यांवरून काढलेले नमुने आहेत. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या पाठीला बाक, कुणी चाकाच्या खुर्चीतलं, कुणाचं ऑपरेशन झालेलं. माणसं आरशासमोर जे बोलत नाहीत ते माप देताना बोलतात. म्हणून कॉम्प्युटरला पासवर्ड होता. आजारपणानंतर मला तो टाकता येईना. मुलगा सकाळी येऊन टाकून द्यायचा. त्याला उशीर झाला की मी आणि गिऱ्हाईक बंद पडद्यासमोर एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

एकदा तो म्हणाला, "आई, तयार कपड्यांचा एक कारखाना तुझी सगळी मापं घ्यायला तयार आहे. देऊन टाकू. तू आता आराम कर."

"लोकांनी ती माझ्या भरवशावर दिलीत."

"अगं, तुला स्वतःचा कॉम्प्युटर उघडता येत नाही. कशाच्या जोरावर नाही म्हणतेस?"

तो काळजीनेच बोलला. पण कपड्यात राहून गेलेली टाचणी टोचत राहावी, तसं ते टोचत राहिलं.

सून तिथेच बटणं लावत होती. तो गेल्यावर म्हणाली, "अहो आई, पासवर्ड आठवायचाच कशाला? आमच्या ऑफिसात पेनड्राइव्ह लावला की मशीन उघडतं, काढला की बंद. इथे बसवू या?"

"पेनड्राइव्ह म्हणजे, ज्यात फोटो नेतात ते?"

"तेच. पण यात फोटो न्यायचे नाहीत. दुसऱ्या कुठल्या मशीनला लावायचा नाही. किल्लीच समजायची."

रविवारी तिने तो प्रोग्रॅम बसवला, पासवर्डची वाट बंद केली, आतली डिस्कही कुलूपबंद केली. दोन पेनड्राइव्ह नोंदवले, एक हरवला तर दुसरा असावा म्हणून. पहिला मी मापाच्या टेपच्या तुकड्याला बांधून गळ्यात घातला. सोमवारी स्वतःच्या हाताने लावला. हात हलला, चुकला, पुन्हा चुकला, मग बसला. पडदा उजळला. आम्ही दोघी अशा ओरडलो की शेजारचे किल्लीवाले हातातली कानस घेऊन धावत आले.

"काय झालं, चोर?"

"उघडलं!"

त्यांनी पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला. "हिला दाते कुठेत? धंदा बसवणार तुम्ही आमचा."

पुढे मी आंघोळीला गेले असताना मुलाने मी काढून ठेवलेल्या पेनड्राइव्हमधलं सगळं आपल्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि कारखान्याच्या साहेबाला घेऊन दुकानात आला. साहेब बसला. मुलाने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर कुलूप. काढून फुंकर मारली, पुन्हा लावला. कुलूप. शर्टाला पुसून लावला. साहेब घड्याळ बघू लागला.

"आई, बघ ना, बिघडलाय वाटतं."

"सरक," मी म्हटलं.

गळ्यातला काढला, लावला. उघडलं. प्रोग्रॅम नुसत्या आतल्या फायली बघत नाही, पेनड्राइव्ह बनवतानाच त्यात घातलेला नंबरही ओळखतो. शर्टावरून शर्ट बेतता येतो, तो घालणारा माणूस नाही बेतता येत.

साहेब म्हणाला, "वा! बाई, आता बोला, काय घ्याल?"

"यातल्या एकेकाच्या घरी जा, विचारा, आणि हो म्हणाले तर या." मी पेनड्राइव्ह उपसला. पडदा बंद. मास्तरीणबाईंनी आतून विचारलं, "साहेबांचं माप घ्यायचंय का?" आणि सुनेला हसू आवरेना. शेवटी मुलगाही हसला. कान लाल झाले होते, पण हसला.

तर: कॉम्प्युटर आणि पहिली किल्ली मास्तरीणबाईंना, दुसरी किल्ली सुनेला. दोन्ही एका घरात ठेवू नयेत. कुणाला आपलं माप पुसून हवं असेल तर त्याच्यादेखत पुसावं, कारण विचारू नये.

कलम ५. मुलाने केलेली नक्कल माझ्याकडे आहे. ती त्याची त्याला परत. ती काही उघडत नाही, पण त्यात फोटो छान राहतात.

कलम ६. मुलाने माझ्यासाठी कुलमुखत्यारपत्र करून आणलं होतं, म्हणजे माझ्या वतीने सगळीकडे त्याने सही करायची. त्यावर मी सही केलेली नाही. काल तो स्वतःच म्हणाला, "आई, फाडू का तो कागद?" मी म्हटलं, "दे इकडे." मीच फाडला. हात थरथरत असला की कागद फार बारीक फाटतो.

माझी सही आता वाकडी येते. खालची सही तशीच आहे आणि ती माझी आहे. ज्याला हरकत असेल त्याने समोर येऊन बोलावं, मी अजून दुकानात असते.

सही: (वाकडी, पूर्ण)

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही:

१. डॉक्टर. "बाईंनी सगळं स्वतः वाचलं आणि आमच्यासमोर सही केली."

२. शेजारचे किल्लीवाले. "मीही पाहिलं. पेन धरायला मदत करायला गेलो तर बाईंनी हातावर चापट मारली."

सर्वांची पूर्ण नावं व पत्ते मागच्या पानावर.

ठिकाण: दुकानाची मागची खोली. दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत.