पेटीत न पडलेला संघ

कॉलिन,

'प्रिय' लिहवत नाही. काल पबमध्ये तू हसत सांगितलंस, "टपालाने फुटबॉल खेळायचो, काय मजा यायची. दादा, फायनलला तू टाकायला दिलेला तुझ्या संघाचा कागद मी टपालपेटीत टाकलाच नव्हता."

त्या कागदावरच्या खेळात दर आठवड्याला संघ लिहून टपालाने आयोजकांना पाठवायचा, आणि कागद पोहोचला नाही की मागच्या आठवड्याचाच संघ उतरायचा. हात मोडलेला माझा गोलकीपर उतरला आणि कप तुला मिळाला. ते सोड.

पण कोपऱ्यावरची ती पेटी आपले पोस्टमन बाबाच रिकामी करायचे. मी त्यांना म्हणालो, "तुम्हीच कागद हरवलात." त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते जाईपर्यंत.

हे पत्र पाठवणार नाही. तुला मजाच आठवू दे. मला आठवतात बाबा, टपालाची रिकामी पिशवी पुन्हा पुन्हा उलटी करून झटकणारे. शेजारी बसून तू टोस्ट खात होतास.

नाइलाजाने तुझा भाऊ,
ग्रॅहम