करवतीवरचं झाकण

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंद्याने सुतार, फर्निचरच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डावा कान गेला आहे, डोके शाबूत आहे. शंका असल्यास माझ्या मुलीला विचारावे. ती परिचारिका आहे आणि माझ्या डोक्याबद्दल तिची तक्रार वेगळीच असते.

कलम १. राहत्या घराचा वरचा मजला मुलीला द्यावा. खालच्या मजल्यावरच्या मागच्या दोन खोल्या मुलाला द्याव्यात. रस्त्याकडच्या खोलीबद्दल कलम पाचमध्ये लिहिले आहे. मुलाने उडी मारून ते आधी वाचू नये. बँकेत जे काही असेल ते दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे.

कलम २. माझे रंधे, पटाश्या, गुण्या आणि हातकरवती सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेला द्याव्यात. मुलाला देत नाही, कारण त्याने एकदा माझी सगळ्यात चांगली पटाशी रंगाचा डबा उघडायला वापरली होती. मोठी शिडी सहा वर्षांपूर्वी चर्चच्या सेक्रेटरींनी दोन दिवसांसाठी नेली आहे. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. कुणी मागायला जाऊ नये.

कलम ३. वडिलांचे सागवानी कपाट माझ्या धाकट्या भावाला द्यावे. या कपाटावरून आम्ही अकरा वर्षे बोललेलो नाही. तो माझ्या पत्नीच्या अंत्यविधीलाही आला नाही. कपाट मी हट्टाने ठेवून घेतले, आणि ठेवून घेतल्यावर त्यात जुनी वर्तमानपत्रे भरली. भावाला सांगावे की चूक माझी होती. त्याची चूक काय होती ते त्याला माहीत आहे, त्याची आठवण करून देऊ नये.

कलम ४. हे कलम नीट वाचावे. मृत्युपत्र करण्याचे खरे कारण हेच आहे.

एकतीस वर्षांपूर्वी कारखान्यात माझ्याबरोबर एक सुतार होता. करवतीच्या आवाजावर आवाज चढवून तो भजने म्हणायचा, म्हणून सगळे त्याला गवई म्हणत. एकाच चर्चमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. त्या वर्षी एका शाळेच्या बाकांचे मोठे काम आले होते. जाड फळ्या गोल करवतीवर अडत होत्या, म्हणून सकाळी मी पात्यावरचे लोखंडी झाकण काढले. परत बसवायचे होते. चहाला गेलो. मागून गवई करवतीवर आला, फळी उसळली, आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटे गेली. त्याला दवाखान्यात नेण्यात आले.

इथपर्यंत ती चूक होती. दुपारी, चौकशीचे साहेब यायच्या आधी, मी ते झाकण बसवले आणि नट घट्ट आवळले. ती चूक नव्हती.

साहेबांनी विचारले, "पात्यावर झाकण होतं?"

मी म्हणालो, "होतं, साहेब."

कागदावर लिहिले गेले की अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला. गवईची नोकरी गेली. तो एका गोदामाच्या फाटकावर पहारेकरी झाला. पुढच्याच वर्षी मला फोरमन केले, आणि नव्या माणसांना झाकणाचे महत्त्व समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे दिले. मी ते चांगले केले. माझ्या हाताखाली पुढे कुणाचे नखही गेले नाही.

त्या दिवसापासून मी देवाच्या शिक्षेची वाट पाहू लागलो. मुलगी बारा वर्षांची असताना तापाने फणफणली, तेव्हा वाटले, आली. मी उशाशी बसून म्हणालो, प्रभू, माझे हात घे, तिला सोड. ती बरी झाली आणि माझे हातही राहिले. बायकोची साथ चांगली मिळाली, मुले शिकली, घर झाले. जे जे चांगले होत गेले त्याने माझी भीती वाढतच गेली. गवई दर रविवारी त्याच बाकावर, मधे दोन माणसांची जागा सोडून बसायचा. प्रभुभोजनाला आम्ही एकामागोमाग पुढे जायचो. भाकरी घ्यायला तो डावा हात पुढे करायचा आणि मी डोळे मिटून घ्यायचो. लोकांना वाटे, काय भक्ती आहे!

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत नव्या पाळकबाई आल्या. वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांना मी या वर्षी सगळे सांगितले आणि विचारले, "बाई, देव न्यायी असेल तर मी असा सुखात कसा? आणि दयाळू असेल तर त्या बिचाऱ्याचं काय?"

त्या म्हणाल्या, "काका, देवाकडे तुम्ही एकतीस वर्षं जाताय. गवईकाका कुठे राहतात?"

"दोन गल्ल्या सोडून."

"मग तिथे कधी जाणार?"

मी गेलो. भर दुपार होती. गवई दारातल्या स्टुलावर मटार सोलत बसला होता, शेंग उरलेल्या करंगळीखाली दाबून. मी उभ्या उभ्याच सांगून टाकले. त्याचा हात थांबला नाही.

"झाकण नव्हतं ते मला माहीत होतं रे," तो म्हणाला. "बोटं गेली होती, डोळे नव्हते गेले."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. दवाखान्यातून दोन चिठ्ठ्या पाठवल्या. कुणी माझी साक्षच घेतली नाही. म्हणाले, दुखण्यानं भ्रमिष्ट झालाय. बायको जाईपर्यंत मधूनच माझ्याकडे अशी बघायची, की खरंच याचंच लक्ष नसेल का?"

मी पायरीवर बसलो. माफी मागितली. त्याने शेंगांची टोपली बाजूला सारली.

"माफ करून तुला बावीस वर्षं झाली. एका बाकावर बसून प्रार्थना तोंडातून फुटेना, म्हणून केलं. तुझ्यासाठी नाही केलं. पण माफी माझ्याजवळ होती, ती मी दिली. खरं तुझ्याजवळ आहे, ते तू दे."

मी आधी मुलांना सांगितले. मुलगा म्हणाला, "बाबा, आता कशाला हे उकरून काढताय?" मुलगी एवढेच म्हणाली, "आईला माहीत होतं?" नव्हते. मग एका रविवारी उपासनेनंतर मी मंडळीसमोर उभा राहिलो. सगळे सांगितले. गवई बाकावरच्या मधल्या जागेत सरकला आणि हात धरून त्याने मला शेजारी बसवले.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बोललेलं वाऱ्यावर जातं. माझं नाव कागदावर खराब झालंय, कागदावरच नीट कर." कारखाना बंद पडला, त्या फायली रद्दीत गेल्या. म्हणून हा कागद. मी लिहून देतो की त्या अपघातात गवईचा कोणताही निष्काळजीपणा नव्हता. झाकण मी काढले, मी बसवले आणि मी खोटे बोललो. हे मृत्युपत्र रीतसर नोंदवावे आणि हे कलम माझ्या अंत्यविधीच्या वेळी सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

कलम ५. रस्त्याकडची खोली मी गवईला देणार होतो. वकील म्हणाले, "ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही. खोली किंवा सही, एक काय ते ठरवा." गवईने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाला, "खोली राहू दे. साक्ष घ्या." म्हणून ती खोली, दुकानाच्या हक्कासह, त्याच्या मुलीला द्यावी. ती शिवणकाम करते आणि सध्या जिन्याखाली मशीन मांडून बसते. मुला, तुला राग येईल. येऊ दे. वाद घालायचा तर माझ्या फोटोशी घाल, तिच्याशी नको.

कलम ६. शवपेटी साध्या लाकडाची असावी, पॉलिश करू नये. पाळकबाईंनी मला नीतिमान म्हणू नये. दया म्हणजे शिक्षा चुकणे, असे मी आयुष्यभर समजत आलो. आता वाटते की खरे बोलून होईपर्यंत देवाने मला जिवंत ठेवले, ती दया होती. आणि गवईला ते ऐकायला जिवंत ठेवले, तो न्याय होता. याहून जास्त मला कळत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी.

ठिकाण: राहते घर, रस्त्याकडची खोली. दिनांक: सप्टेंबरचा दुसरा सोमवार, सकाळी अकरा वाजता.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही.

साक्षीदार पहिली: पाळकबाई. मृत्युपत्र करणाऱ्याने हे माझ्यासमोर वाचून सही केली. सही.

साक्षीदार दुसरा: गवई, निवृत्त पहारेकरी, मूळचा सुतार. याने माझ्यासमोर सही केली. वरचे सगळे मी ऐकले, खरे आहे. एक गोष्ट याने लिहिलेली नाही, ती मी वकिलांना विचारून लिहीत आहे. मला दवाखान्यात नेण्यात आले असे याने लिहिले आहे. गाडी मिळत नव्हती. मला पाठीवर घेऊन हाच पळत गेला होता. वाटेत दोनदा पडला, मला सोडले नाही. तेही कागदावर असू द्यावे. सही, डाव्या हाताची.